डिकीत काय ठेवता?

(पेट्रोलच्या गाड्यांना गॅसचं किट बसवून देणाऱ्या फिटरचं आवार. जुनी पांढरी गाडी, डिकी उघडी. आत नवाकोरा सिलिंडर पट्ट्यांनी आवळून आडवा बसवलेला. मागच्या सीटवर नणंद पाय लांब करून बसली आहे. तिची चाकांची खुर्ची घडी करून भिंतीला टेकवलेली. भावजय एकदा खुर्चीकडे बघते, एकदा डिकीकडे.)

नणंद : ‘डिकी ठकीची. तीत भाजीची जुडीसुद्धा ठेवायची नाही.’ गाडी दारात उभी करून, माझ्याकडे बोट दाखवून दादा पहिलं वाक्य हेच बोलला होता. आठवतं ना, वहिनी?

भावजय : आठवतं म्हणून तर हे झालं. तू जरा गप्प बस.

फिटर : काकू, अजून एकदा उभी घालून बघू का?

भावजय : उभी घातली, आडवी घातली, चाकं वर करून घातली. आता काय खुर्चीला पाय पोटाशी घेऊन बसायला सांगणार?

फिटर : नुसतं झाकण लागत नाही. दोरीने बांधलं तर...

भावजय : आणि वाटेत दोरी सुटली की? मागचा माणूस हॉर्न वाजवत येईल, बाई, तुमचं सिंहासन पडलं म्हणून.

नणंद : पडू दे. मी आत असले म्हणजे झालं.

फिटर : पण काकू, मी तुम्हाला विचारलं होतं हं. गाडी सोडायला आलात तेव्हा इथेच उभं राहून विचारलं. डिकीत काय ठेवता?

भावजय : विचारलंत.

फिटर : तुम्ही म्हणालात, काही नाही.

भावजय : म्हणाले.

फिटर : वर असंही म्हणालात, आमच्या डिकीत काही ठेवायची पद्धतच नाही. मला बरं वाटलं. लोक डिकीत अर्धा संसार घेऊन फिरतात. सिलिंडर बसवायच्या आधी त्यांचे जुने बूट, फुटक्या बादल्या काढण्यात माझी सकाळ जाते.

नणंद : वहिनी, तू खरंच असं म्हणालीस?

भावजय : मग काय खोटं बोलले? इतक्या वर्षांत मी त्या डिकीत एक पिशवी ठेवली नाही. तांदळाचं पोतं आणलं ते पायाशी ठेवून, पाय वर घेऊन बसले. तुझ्या दादांनी सांगितलं ते सांगितलं.

नणंद : पण खुर्ची?

भावजय : खुर्ची म्हणजे काय सामान आहे का? खुर्ची म्हणजे तू. तुला कुणी ‘डिकीत ठेवलेली’ म्हणेल का? माझ्या मनातच आलं नाही गं.

फिटर : आणि मी उघडून बघितली तर आत खरंच काही नव्हतं. कालच शोरूममधून आल्यासारखी डिकी.

नणंद : त्या दिवशी खुर्ची घरी होती. खुर्चीत मी होते.

फिटर : तेच ना. हसू नका ताई, मला इथे घाम फुटलाय.

भावजय : हे बरं आहे. मी काकू आणि ही ताई. हिच्यात नि माझ्यात अंतर ते किती!

फिटर : तोंडाला आलं तसं म्हटलं हो.

नणंद : तोंडाला खरं तेच येतं. पुढच्या सीटवर बसते का बघा ना, भाऊ, माझी खुर्ची.

फिटर : बघतो. सरका काकू. हं... आली आत. थोडी तिरपी केली तर... काकू, तुम्ही चालवायच्या जागी बसा बरं. गिअर टाकून दाखवा.

भावजय : पहिला पडतो. दुसरा पडतो. तिसऱ्याला चाक आडवं येतं.

नणंद : मग दुसऱ्यावरच चालव. नाहीतरी तू त्याच्या वर कधी जातेस?

भावजय : आणि डावीकडचा आरसा? हे बघा, आरसा दिसायचं नावच नाही. गाडी चालवायची की खुर्ची मांडीवर घेऊन अंदाजाने जायचं?

फिटर : नाही, हे धोक्याचं आहे. काढतो. मागे ताईंच्या शेजारी?

भावजय : ताईंच्या शेजारी जागा आहे का ते बघा. त्यांचे गुडघे वाकत नाहीत. पाय लांब लागतात, सगळी सीट त्यांनाच पुरते.

नणंद : बरं, ठरलं तर मग. निवासवाल्या बाईंना आज कळवायचंच आहे. भाऊ, किती छान बसवलाय हो सिलिंडर. पट्ट्या अगदी घट्ट.

भावजय : तू ते नाव काढू नकोस.

फिटर : कोणता निवास?

भावजय : अहो, हिचं उपचार केंद्र आहे ना, गावाच्या पार त्या टोकाला. ऑपरेशन झाल्यावर डॉक्टर म्हणाले, एक दिवसाआड व्यायामाला आणा, धरून धरून का होईना, उभ्या राहतील. आणत होते मी. उभी राहायला लागलीही होती, कठड्याला धरून. मग पेट्रोल असं भडकलं की एक दिवसाआडचं आठवड्यावर आलं. गुडघे पुन्हा लाकडासारखे. आता डॉक्टर म्हणतात, नेमाने आणा, नाहीतर केंद्राशेजारच्या निवासात राहायलाच पाठवा. तिथे एक जागा रिकामी आहे. आज कळवायचंय.

फिटर : म्हणून गॅस.

भावजय : म्हणून गॅस! नाहीतर या वयाच्या गाडीला कोण नवं लुगडं नेसवतं?

नणंद : नेसवलंस खरं, पण माझं माप घ्यायचं विसरलीस.

फिटर : चूक निम्मी माझीही आहे काकू. डिकीत काय ठेवता, हे मी सगळ्यांनाच विचारतो. गाडीत कोण कोण बसतं, हे कधी विचारत नाही. यापुढे विचारीन.

भावजय : यापुढचं यापुढे. आत्ता काय करता ते सांगा. याहून लहान सिलिंडर मिळतो का?

फिटर : मिळतो. पण लहान म्हणजे लांबीला कमी, जाडी तेवढीच. खुर्चीला जाडीच नडतेय. असं आहे काकू, हा गॅस प्रचंड दाबाने भरतात. त्याला जाड पोलादाचं नळकांडंच लागतं. दुसरा आकार चालत नाही, फुटेल.

नणंद : फुटेल म्हणू नका हो. हिला रात्रभर झोप लागणार नाही.

फिटर : आकार बदलला तर फुटेल, म्हणून तर बदलत नाहीत. आहे तो हातोड्याने ठोकलात तरी काही होणार नाही. ठोकू नका मात्र.

भावजय : म्हणजे एक तर गॅस, नाहीतर खुर्ची.

फिटर : थांबा, विचार करू द्या. ताई, जरा पाय आवरा... नाही, राहू द्या, तुम्ही नका हलू. काकू, डिकीतला गालिचा उचलून धरता? खाली स्टेपनीचा खड्डा आहे बघा. गोल.

भावजय : दिसला.

फिटर : दुसरा गॅस असतो. द्रवरूप असतो, दाब कमी. त्याच्या टाकीला आकाराची कटकट नाही. या खड्ड्यात बसेल अशी गोल टाकी येते, चकलीच्या... म्हणजे मधे भोक असलेल्या चाकासारखी. वरून गालिचा टाकला की डिकी होती तशी सपाट.

भावजय : द्रवरूप म्हणजे स्वयंपाकाचा असतो तोच?

फिटर : त्याच जातीचा. पण घरचा सिलिंडर आणून जोडायचं मनातसुद्धा आणू नका. तो गुन्हा आहे, आणि गुन्ह्याच्या आधी स्फोट आहे.

नणंद : मनात आणू नका कसलं? आणून झालं. बघा तिचा चेहरा.

भावजय : मी नुसतं विचारलं! आणि मग हा गॅस पहिल्यांदाच का नाही सांगितलात?

फिटर : कारण त्याचा पंप एकच आहे, गावाबाहेर. तुमच्या घराजवळ या गॅसचा पंप आहे. शिवाय तो द्रवरूप गॅस याच्याहून थोडा महाग पडतो. पेट्रोलपुढे मात्र स्वस्तच.

भावजय : रांग असते का तिथे?

फिटर : रांग कसली? पंपावरच्या माणसाला उठवावं लागतं.

भावजय : उठवीन मी. पण या खड्ड्यात टाकी बसली तर स्टेपनी कुठे जाईल?

फिटर : स्टेपनी घरी.

भावजय : आणि पंक्चर झालं तर? मागे ही पाय लांब करून बसलेली, मी रस्त्याच्या कडेला...

फिटर : चिकट द्रवाची एक बाटली देतो. टायरच्या व्हॉल्व्हमधून आत सोडायची, लहान भोक बुजतं. हवेचा छोटा पंपही देतो, गाडीच्याच बॅटरीवर चालणारा. पंक्चरवाल्यापर्यंत आरामात जाल. टायर फाटलाच तर फोन करा, मी येतो.

भावजय : शहराच्या कुठल्याही टोकाला?

फिटर : कुठल्याही. दिवसातून दोनदा माझ्याशी फोनवर बोलताच, अजून एकदा बोलू.

भावजय : आणि इंजिन? जुन्या इंजिनाला गॅस सोसत नाही म्हणतात.

फिटर : गॅस कोरडा असतो, म्हणून म्हणतात. तुमच्या इंजिनाचं प्रेशर मी आधीच तपासलंय. कुणीतरी वेळच्या वेळी ऑइल बदललेलं आहे. इंजिनातले चारही सिलिंडर एकसारखे. अधूनमधून थोडी पेट्रोलवर चालवा, व्हॉल्व्ह नीट राहतील.

भावजय : ऑइल हिचे दादाच बदलायचे. स्वतः. मग अंगणात डाग पडायचे आणि मी घासत बसायची. बरं, मग ठरलं. हा काढा, तो गोल मागवा.

नणंद : भाऊ, थांबा. काही काढू नका.

भावजय : का?

नणंद : आहे ते छान आहे. गाडी गॅसवर झाली, पंप घराजवळ आहे, डिकीत सिलिंडर आहे. वहिनी आता जाईल तिथे गाडीने जाईल. मी निवासात राहीन.

भावजय : नाही म्हणून सांगायचं ठरलंय आपलं.

नणंद : तुझं ठरलंय. मी काल त्यांना हो म्हटलं.

फिटर : मी जरा आत जाऊन पाने आवरतो.

भावजय : तुम्ही कुठेही जायचं नाही. वन्सं, काल? तुम्ही काल हो म्हणालात?

नणंद : बघा भाऊ, अहो-जाहोवर आली. ही रागावली की मला मान मिळतो.

भावजय : चेष्टा नको. इकडे गाडी उघडून ठेवलीय, मी या माणसाचं डोकं खातेय, आणि तुम्ही तिकडे हो म्हणून मोकळ्या? मला एका शब्दाने विचारावंसं वाटलं नाही?

नणंद : विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस.

भावजय : म्हणालेच असते!

नणंद : म्हणून नाही विचारलं. आता माझं ऐकून घेशील? पेट्रोल परवडेना तेव्हा तू काय केलंस? बहिणीकडे जाणं बंद केलंस. बाजारहाट पायी. देवळात पायी. थेंब थेंब माझ्यासाठी राखून ठेवलास. मी खिडकीशी बसलेली असते. गाडी दारात उभी आणि तू दोन्ही हातांत पिशव्या घेऊन उन्हातून येतेस, फाटकाशी थांबून दम घेतेस, आणि मग हसत आत येतेस. मला दिसत नाही वाटतं?

भावजय : चालणं प्रकृतीला चांगलं असतं.

नणंद : हो का? मला सांग.

भावजय : ...तसं नव्हतं गं म्हणायचं मला.

नणंद : कळलं. रागावले नाही मी. एवढंच म्हणते, दादाने डिकी माझ्या नावावर केली होती. तुझा जन्म नव्हता केला.

फिटर : काकू, पाणी आणू का?

भावजय : नको. वन्सं, तुम्हाला कुणी सांगितलं मी हे सगळं तुमच्यासाठी करते म्हणून?

नणंद : मग कुणासाठी?

भावजय : सकाळी मी चहा आणून देते. तू एक घोट घेतेस आणि आतून ओरडतेस, वहिनी, साखर विसरलीस! रोज. आठवतंय?

नणंद : विसरतेसच तू रोज. मला काळजी वाटायला लागलीय तुझी.

भावजय : विसरत नाही. मुद्दाम कमी घालते.

नणंद : काय?

भावजय : तुझे दादा गेल्यावर घर असं शांत झालं की मला माझ्याच बांगड्या ऐकू यायच्या. तू तर भिंतीकडे तोंड करून पडलेली. एका सकाळी खरोखरच साखर विसरले. तू ओरडलीस. घरात कुणीतरी माझ्यावर ओरडलं, तर मला ओट्याशी उभ्या उभ्या इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! तेव्हापासून कमीच घालते.

नणंद : एवढे दिवस मला फिका चहा पाजलास?

भावजय : पाजला. आणि पुढेही पाजणार. निवासात गोड चहा मिळेल, जायचं तर जा. अडवणार नाही. पण माझ्यावर उपकार करायला म्हणून जाणार असलीस तर तसं करू नकोस. गाडीने बहिणीकडे जाऊन मी काय करू, परत येऊन कुलूपच उघडायचं असेल तर?

नणंद : (काचेतून भिंतीला टेकवलेल्या खुर्चीकडे बघते.)

भावजय : बोल काहीतरी. नाहीतर ओरड.

फिटर : दोघींचं चालू द्या, माझी घाई नाही. फक्त ती गोल टाकी मागवू की नको, तेवढं कळलं तर दुकानदाराला सांगून ठेवतो. त्याच्याकडे एकच आहे.

नणंद : पुढच्या सीटवर पाय वाकवून बसता आलं असतं, तर खुर्ची मागे मावली असती आणि हे काहीच झालं नसतं.

भावजय : म्हणून तर जायचंय ना व्यायामाला, एक दिवसाआड.

नणंद : तू साखर नीट घालशील?

भावजय : नाही.

नणंद : भाऊ, मागवा ती टाकी.

फिटर : मागवतो. हा सिलिंडर माझ्याकडेच राहील, दुसऱ्या कुणाच्या गाडीला बसेल, त्याची चिंता नको. पुढचा रेग्युलेटर मात्र बदलावा लागेल, आणि पासिंगचे कागद नव्याने करू. ते मी बघतो.

भावजय : तोपर्यंत?

फिटर : तोपर्यंत पेट्रोलवर. आत्ता सिलिंडर काढून देतो. बरं झालं, अजून गॅस भरलेला नाही, नाहीतर आधी तो रिकामा करावा लागला असता. चार तर बोल्ट आहेत.

भावजय : काढा, काढा. आणि तू काय बघत बसलीस? लाव त्या निवासवाल्या बाईंना फोन. सांग, येत नाही म्हणून.

नणंद : फोनवर नाही.

भावजय : का? तोंडावर सांगायला जड जाईल उलट.

नणंद : जाईल. पण मला दिलेल्या खोलीत आधीपासून एक आजी आहेत. काल बाईंनी त्यांच्या हातात फोन दिला. फार कमी ऐकू येतं त्यांना, माझं बोलणं बाई त्यांच्या कानात ओरडून सांगत होत्या. खूप दिवस खोलीत एकट्याच होत्या. मला म्हणाल्या, तुम्हाला खिडकी आवडते का? मी म्हटलं, आवडते. तर म्हणाल्या, मग खिडकीजवळची खाट तुमची, मी माझं अंथरूण आतल्या भिंतीला हलवते.

भावजय : हलवलं?

नणंद : मी फोनवर असतानाच कुणाला तरी हाक मारून खाट ओढायला लावली. आवाज आला मला. मग मला विचारलं, उद्या दुपारी येणार ना नक्की? मी म्हटलं, नक्की येते.

भावजय : ते राहायला येण्याचं होतं ना?

नणंद : राहायला नाही आले तरी येते म्हटलंय. त्या वाट बघत असतील. एवढं सगळं फोनवर त्यांना ऐकूही यायचं नाही.

फिटर : निघाला सिलिंडर. काकू, खुर्ची द्या इकडे. चाकं आधी... अशी. लागलं झाकण.

भावजय : नीट लागलं? पुन्हा एकदा ओढून बघा.

फिटर : लागलंय. टाकी आली की फोन करतो.

भावजय : तुम्ही कशाला? मीच करीन.

फिटर : हो, ते विसरलोच.

भावजय : वन्सं, पाठीला उशी आहे ना? जायचं मग? आधी केंद्रात व्यायाम, आणि मग येताना...

नणंद : आधी त्यांच्याकडे. मला कठड्याला धरून उभं राहायला नंतरही जमेल.

भावजय : बरं. आणि आजींनी सरळच विचारलं, का येत नाही राहायला, तर काय सांगशील?

नणंद : ते अजून सुचलं नाही. तू जरा हळू चालव.